पाऊस भरपूर झाला, आता पाण्याचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रे बहुतेक मराठवाडा आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या पट्ट्यातली आहेत. ‘टँकर कधी येणार’ असे एकाही पत्रात विचारलेले नाही. भरल्या विहिरीकाठी बसून जे प्रश्न पडतात, तेच त्यांत आहेत. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मृगापासून पाऊस लागून राहिला आहे. नाला खळाळतोय, विहिरीत वाकून कळशी भरता येते. वडील म्हणतात, पावसाचे उपकार मोजता येत नाहीत. मुलगा म्हणतो, येतात की, मिलिमीटरमध्ये. दोघांचेही समाधान होईल असे सांगा. (ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : उपकारांचे वडिलांवर सोपवू. पाणी मात्र मोजता येते आणि प्रत्येक शेतकऱ्याने ते मोजावे असे आम्हाला वाटते. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणून एक मिमी पावसाने एकरावर सुमारे ४ हजार लिटर पाणी पडते. २५ मिमीची एक चांगली सर म्हणजे एकरी एक लाख लिटर. तुमच्या भागात वर्षाला ७०० ते ८०० मिमी पाऊस धरला, तर प्रत्येक एकरावर साधारण ३० लाख लिटर पाणी वरून येते, तेही फुकट आणि बांधावर पोहोच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती तुमच्या वडिलांना आठवत असेल. पहिल्या खेपेला प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या, म्हणजे पाच लाख लिटर. तेवढे पाणी एका एकरावर १२४ मिमी पावसात पडते. यंदा तुमच्या शेतावर अशा किती गाड्या रित्या झाल्या, याचे गणित मुलाला करू द्या.

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सारख्या व्यासाचा, सरळ भिंतीचा डबा घ्या. बाटली कापून तिचे तोंड नरसाळ्यासारखे उलटे बसवणार असाल, तर कापलेल्या तोंडाचा आणि बुडाचा व्यास सारखाच हवा. नरसाळे रुंद आणि बाटली अरुंद असली की पाऊस दुप्पट-तिप्पट दिसतो. घरगुती मापकात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. २० सेंमी तोंडाच्या डब्यात ३१४ मिली पाणी जमले तर पाऊस १० मिमी. डबा जमिनीपासून फूटभर उंच, पक्का बसवा. घर किंवा झाड जितके उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच बदलतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तिथे सरकारी मापकाचाच आकडा चालतो, तुमच्या डब्याचा नाही. तरीही डबा ठेवा. मंडळाच्या मापकावर ७० आणि तुमच्या रानात ३० असे सर्रास होते, आणि पाणी द्यायचे की नाही हे तुमच्या रानातल्या ३० वर ठरते.

प्रश्न : विहीर काठोकाठ भरली आहे. दोन एकर ऊस लावावा का? कारखाना जवळ आहे. (ता. केज, जि. बीड)

उत्तर : आमचे उत्तर नाही असे आहे. कारखान्याशी आमचे काही वाकडे नाही, कारण खडकात आहे.

आधी विहिरीचे गणित. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत १२ मीटर पाणी असेल तर ते सहा लाख लिटर भरते. पाटाने एक एकर भिजवायला ५ सेंमी पाणी, म्हणजे दोन लाख लिटर लागते. मग डोळ्यांना दिसणारी सगळी विहीर म्हणजे एका एकराच्या तीन पाळ्या. बाकी पाणी येते ते आजूबाजूच्या मुरमातून, मांजऱ्या नावाच्या सच्छिद्र खडकातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर वसला आहे. या खडकाच्या एकूण आकारमानापैकी उपसून मिळणारे पाणी साधारण १ ते ३ टक्केच असते. २ टक्के धरले, तर एका एकराखालची पाणीपातळी पाच मीटर उतरली तरी हाती येते फक्त १०० मिमी पाणी, म्हणजे चार लाख लिटर. म्हणूनच आपल्याकडच्या विहिरी एका पावसाळ्यात झरझर भरतात आणि तितक्याच झरझर आटतात. पातळी वर दिसते म्हणून साठा मोठा, असे होत नाही.

आता ऊस. पाटपाण्यावर त्याला वर्षाला २,५०० मिमीच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकरी एक कोटी लिटर. त्यातले पाव पाणी पाऊस देईल असे धरले तरी ७५ लाख लिटर उपसावे लागतात. एका उसाच्या एकरासाठी जवळपास १९ एकरांखालची पातळी पाच मीटरने उतरवावी लागते. ठिबकने हे निम्म्यावर आणता येईल, पण तरी नऊ-दहा एकर राहतातच. दोन एकर लावलात तर हिशेब दुप्पट. तुमच्याकडे तेवढी जमीन नसेल, तर उरलेले पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून येणार. आणि तोही यंदा ऊस लावायचाच विचार करत असणार. शिवाय खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरचे पुढचे पीक, धरला की पुढच्या वर्षीच्या पावसावर आज सही केल्यासारखे होते.

मोह सुटत नसेल तर एक चाचणी करा. पाऊस थांबून तीन आठवडे झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, सकाळी दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. मोटार सलग चार तास चालवा. बंद केल्यावर लगेच मोजा, मग दर तासाला मोजा. उतरलेले पाणी रात्रीतून पूर्ण भरून आले तर झरे चांगले आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मेच भरले, तर ती विहीर रब्बीची आहे, बारमाही पिकाची नाही. हीच मोजणी जानेवारीत परत करा. आकडे बदललेले दिसतील.

प्रश्न : ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे आहे. अस्तरीकरण केलेले नाही. यंदा सांडव्यावरून पाणी गेले. हे पाणी उन्हाळ्यात भाजीपाल्याला पुरवायचे तर काय करावे? (ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : अस्तर नसलेल्या तळ्यातले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. ते रब्बीला वापरून टाका.

काठांना १:१ उतार धरला तर तुमच्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. ऑक्टोबर ते डिसेंबर रोज साधारण ४ ते ५ मिमी पाण्याची वाफ होते. एप्रिल-मेमध्ये हेच १० मिमीच्या पुढे जाते. झिरपा त्याच्या वर. तो किती आहे हे पाहायला पाण्यात खुणा केलेली काठी रोवा आणि कोरड्या हवामानात २४ तासांनी पातळी बघा. १५ मिमी उतरली असेल, तर पाच बाष्पीभवनाचे आणि दहा झिरप्याचे.

हाच दर धरून हरभऱ्याचा हिशेब मांडू. एक ऑक्टोबरला तळे भरलेले आहे. पेरणी महिन्याच्या मध्यावर होईल. पहिले पाणी फांद्या फुटताना, ३० ते ३५ दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर. या ४५ दिवसांत पावणेसहा लाख लिटर पाणी गेलेले असेल, उरेल १६ लाख. तुषार सिंचनाने ४० मिमी द्यायचे तर एकरी १.६ लाख लिटर लागतात. म्हणजे दहा एकरांना एक पाणी. आता दुसरा मार्ग पाहा. सहा एकरांनाच दिले आणि साडेसहा लाख लिटर दुसऱ्या पाळीसाठी राखले. घाटे भरताना, आणखी महिन्याने, तळ्यात उरलेले असेल साडेतीन लाख. जेमतेम दोन एकरांची सोय. राखून ठेवलेले पाणी तळ्याने स्वतःच पिऊन टाकले.

हरभऱ्याला अगदी एकच पाणी मिळाले तरी कोरडवाहूच्या मानाने उत्पादन ठळक वाढते. म्हणून अस्तर नसलेल्या तळ्याचा नियम सोपा : जास्त एकर, एक पाळी, वेळेवर. हेच पाणी गव्हाला द्यायचे असेल आणि एकच पाळी देता येत असेल तर ती ४० ते ४२ दिवसांनी द्या. दोन असतील तर २०-२२ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना आणि ६०-६५ दिवसांनी फुलोऱ्यात. पण तुमच्याएवढ्या पाण्यावर गहू करूच नये, या मताचे आम्ही आहोत.

तुषारचे किती वेळ चालवायचे, असेही तुम्ही विचारले आहे. नोझल तासाला १,८०० लिटर सोडत असेल आणि अंतर १२ बाय १२ मीटर असेल, तर तासाला साडेबारा मिमी पाणी पडते. ४० मिमीला सव्वातीन तास. नोझलचा प्रवाह बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः तपासा. जुन्या नोझलचे भोक झिजून मोठे झालेले असते.

भाजीपालाच करायचा असेल तर ५०० मायक्रॉनचे प्लास्टिकचे अस्तर घाला. त्याआधी काठांवरचे दगड, मुळ्या, काटेरी बुंधे काढून बारीक मातीचा थर चोपून घ्या, नाहीतर कागद पहिल्याच वर्षी फाटतो. अस्तराच्या तळ्याचे काठ निसरडे असतात, पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. चारही बाजूंनी कुंपण, गाठी मारलेले दोर आणि टायरच्या ट्यूब पहिल्या दिवसापासून हव्यात.

प्रश्न : विहीर नाही, तळे नाही. पंधरा एकर काळे रान. एवढा पाऊस पडून आम्हा कोरडवाहूंच्या हाती काय? (ता. मंगळवेढा, जि. सोलापूर)

उत्तर : या पानावरच्या सगळ्या पत्रलेखकांत मोठा साठा तुमचाच आहे. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असा १५० ते २०० मिमी ओलावा मावतो. १५० धरला तरी एकरी सहा लाख लिटर. पंधरा एकरांत ९० लाख, म्हणजे वरच्या जालन्याच्या तळ्याच्या चौपट. तुमच्या भागातली मालदांडी ज्वारी एकाही पाण्याशिवाय पिकते ती याच साठ्यावर.

साठा खरोखर भरला का, ते आधी बघा. चार फुटी, बोटाएवढी जाड, बोथट टोकाची सळई दोन्ही हातांनी जमिनीत दाबा. ओल्या मातीतून ती सरसर जाते आणि कोरडा थर लागला की अडते. दगड लागला तर खट्ट आवाज येतो, कोरड्या मातीत येत नाही. शेतात आठ-दहा जागी बघा. तीन फुटांच्या पुढे जात असेल तर ज्वारी निर्धास्त पेरा. दीड फुटावर अडली, तर तिथे करडई किंवा हरभऱ्याचा विचार करा.

ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली, की थांबू नका, या काळ्या रानात वापसा दोन-तीन दिवसच टिकतो. एकरी चार किलो बियाणे, दोन ओळींत ४५ सेंमी. आता नांगर घालू नका, खालची ओल वर येऊन उडून जाते. पुढची सगळी मदार कोळपण्यांवर. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्यात दातेरी कोळप्याने. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे म्हणतात, ते तिसऱ्या कोळपणीला सगळ्यात जास्त लागू पडते. तोवर भेगा पडू लागलेल्या असतात आणि भेगेतून खालच्या थरांतला ओलावाही उडतो. दातेऱ्याने भेगा बुजतात. हीच कोळपणी बहुतेक जण टाळतात, कारण पीक गुडघ्याच्या वर आलेले असते.

पुढच्या वर्षीसाठी : रब्बीकरता मोकळ्या ठेवलेल्या रानात जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ३.६० बाय ३.६० मीटरचे वाफे पाडून ठेवा. पडलेला पाऊस जागच्या जागी मुरतो.

प्रश्न : सोयाबीन आठ दिवस पाण्यात होते. आता पिवळे पडले आहे. शेजारी कपाशीची झाडे एका दिवसात माना टाकून बसली. पाणी जास्त झाल्यावर पीक सुकते कसे? (ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : मातीतल्या पोकळ्यांत हवा नसली की मुळांचा श्वास कोंडतो आणि कोंडलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे पीक तहानेने सुकते. त्यातच नत्र काही खाली वाहून जाते, काही वायू होऊन उडते.

पहिले काम फवारणी नव्हे, चर. उताराच्या दिशेने दर चार ओळींनंतर एक सरी काढून पाणी बाहेर काढा. वापसा आल्यावर हलकी कोळपणी द्या. मग पिवळेपणा नीट बघा. जुनी, खालची पाने सगळी फिकी पडली असतील तर नत्राची कमतरता. १९:१९:१९ हे विद्राव्य खत १० लिटरला १०० ग्रॅम फवारा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम कळीचा चुना, चुन्याचे पाणी गाळून घ्या. पानावर पिवळ्या-हिरव्या ठिगळांची विस्कळीत नक्षी असेल, तर तो पिवळा मोझॅक विषाणू. त्याला कोणतेही खत लागू पडत नाही. ती झाडे उपटून पुरा आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा. दुकानदार या तिन्हींसाठी एकच बाटली देतो, तेव्हा पान तोडून हातात घेऊन जा.

कपाशीचा प्रकार म्हणजे आकस्मिक मर. उघडीप आणि कडक उन्हानंतर एकदम भरपूर पाणी झाले की बोंडांनी लगडलेली झाडे आधी माना टाकतात. हा बुरशीचा रोग नाही, त्यामुळे पहिल्या २४ ते ४८ तासांत हालचाल केली तर बरीच झाडे उठतात. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून झाडाच्या बुडाशी प्रत्येकी १०० मिली आळवणी करा आणि बुडाजवळची माती पायाने दाबा. तीन दिवसांनंतर केलेली आळवणी वाया जाते.

प्रश्न : नाल्याचे एवढे पाणी वाहून जातेय, ते आत्ताच विहिरीत सोडावे का? (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर)

उत्तर : विहीर भरलेली असताना पुनर्भरण करून काही हाती लागत नाही. भोवतालचा मुरूम आधीच तुडुंब आहे. उलट गढूळ पाणी थेट सोडलेत तर गाळ झऱ्यांच्या तोंडाशी बसतो आणि चांगली विहीर दोन-तीन वर्षांत मंदावते.

आत्ता एकच काम करा : पाऊस चालू असताना छत्री घेऊन शेतात फिरा आणि पाणी कुठून कुठे वाहते तिथे खुंट्या रोवा. उन्हाळ्यात उतार नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्ये खणा. पहिला, गाळ बसवण्याचा, १.५ बाय १ मीटर आणि १ मीटर खोल. त्याला लागून दुसरा, गाळणीचा, २ बाय १.५ मीटर आणि २ मीटर खोल, विहिरीपासून दोन-तीन मीटरवर. दुसऱ्याच्या तळातून चार इंची पीव्हीसी पाइप विहिरीत काढा. त्याचे तोंड विहिरीच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आले पाहिजे, नाहीतर पडणारे पाणी बांधकाम पोखरते. खड्ड्यातल्या टोकाला जाळी बांधा. खालून वर : ३० सेंमी मोठे दगड, ३० सेंमी छोटे दगड, ३० सेंमी वाळू. वाळूचा वरचा थर दरवर्षी काढून धुवावा लागतो. हे न केल्याने बंद पडलेल्या गाळण्या जागोजागी दिसतात.

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस बाहेर वळवा, त्यांच्याबरोबर खत, औषधे आणि शेणकुजीचे पाणी येते. दोन एकरांवर ३० मिमी पाऊस पडून त्याचा पाचवा हिस्सा वाहिला तरी एका पावसात ४८ हजार लिटर मिळतात.

प्रश्न : तलाव भरला म्हणून गाव जलपूजन करणार आहे. काही सूचना? (ता. भूम, जि. धाराशिव)

उत्तर : अवश्य करा. खण-नारळाची ओटी भरा, पण खण आणि नारळ पाण्यात न सोडता प्रसाद म्हणून वाटा. प्लास्टिकच्या पिशवीतले निर्माल्य सांडव्याच्या जाळीत अडकते. त्याच दिवशी सांडव्याच्या भिंतीवर ऑईलपेंटने पातळीची पट्टी रंगवून घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. हिवरे बाजारमध्ये गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि आधी पिण्याचे पाणी बाजूला काढून मग पिके ठरवते. तुमच्या फळ्यावरून तेवढी सुरुवात होईल.

प्रश्न : पुराचे पाणी पिण्याच्या विहिरीत शिरले. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची? (ता. माढा, जि. सोलापूर)

उत्तर : आधी विहिरीत पाणी किती आहे त्याचा हिशेब करा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. सगळे मीटरमध्ये घ्या, उत्तर घनमीटरमध्ये येते. पाच मीटर व्यास आणि सहा मीटर पाणी असेल तर ११८ घनमीटर, म्हणजे १ लाख १८ हजार लिटर. नेहमीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून सुमारे ३०० ग्रॅम. पण हे प्रमाण स्वच्छ पाण्याचे आणि ३३ टक्के क्लोरिन असलेल्या ताज्या पावडरचे आहे. पूर शिरलेल्या विहिरीतले पाणी शक्य तितके उपसून काढा, गाळ काढा, नवे पाणी निवळू द्या आणि मगच पावडर टाका. गढूळ पाण्यात टाकलेला क्लोरिन गाळातच खर्ची पडतो.

पावडर कोरडी टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटे निवळू द्या. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, तळाचा चुना विहिरीत जाता कामा नये. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हिसडे द्या. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरिन रंगावरून दाखवणारी चाचणी, घ्या. पाण्यात उरलेला क्लोरिन लिटरला ०.५ मिग्रॅ दिसला तर पाणी वापरायला हरकत नाही. रंगच आला नाही, तर डोस पुन्हा द्या. ही कामे संध्याकाळी उरकली तर सकाळी पाणी भरता येते. पावडरच्या पिशवीचे तोंड उघडे राहिले असेल, तर ती वापरू नका. ओल लागलेल्या पावडरला वास येतो, पण तिच्यात जोर उरलेला नसतो.